बॉयलरवाली रुचिता

माहं नाव जीवन. कारधा गावात कोनालेही विचारा, माह्या घराच्या फाटकापर्यंत आनून सोडन. वरठीले लोखंडाच्या कारखान्यात कामाले हाओ मी. लालबुंद लोखंड डोळ्यापुढून जाते अन् माही पापनी हालत नाई. दहावी शिकलो. इंग्रजीत अटकलो, बाकी साऱ्यात पास. आमच्या गल्लीत पहिली मोटरसायकल माही. भंडारा ते वरठी मले मागं टाकनारा अजून भेटाचा हाये.

हे कायले सांगून राहिलो, तं मी भेनाऱ्यातला मानूस नाई हे वाचनाऱ्याले मालूम असलं पाहिजे म्हनून. अन् तरी त्या संध्याकाळी राईस मिलमध्ये मी असा भेलो का माहा आवाज माहा राहिला नाई. पन ही गोष्ट माही नाई. माही लहान बहीन रुचिता, तिची हाये.

गोंदिया जिल्हा वेगळा झाला त्या साली ती पैदा झाली. मी तवा चांगला मोठा होतो. माय धान रोवाले जाये तं मीच तिले कडेवर घेऊन फिरो. एकदम भेकड पोरगी. फटाका फुटला तं माह्या मागं, कुत्रा आला तं माह्या मागं, शाळेत मास्तर ओरडला तरी घरी येऊन माह्या मागं. माहा शर्ट पाठीकडून नेहमी ओढलेला राहे. लोक हासे, पन मले मोठं वाटे. कोनीतरी आपल्या मागं लपते म्हंजे आपून कोनी तरी हाओ ना.

आमचा बाप, डोमा, त्या राईस मिलमध्ये हमाल होता. पोते उचलता उचलताच गेला. मंग माय, मंगलाबाई, त्याच मिलच्या खळ्यावर लागली. बारावी झाल्यावर रुचिताही तिच्यासंगं जाऊ लागली. ते काम असं : मोठ्या मोठ्या टाक्यात धान वाफेवर उकडते, मंग ते सिमिटाच्या खळ्यावर उन्हात पसरवतात, अन् बाया दिवसभर पायानं ते फिरवत राहतात. उन्हाळ्यात पायाचे तळवे असे होते का त्याच्यावर काडी ओढली तं पेटन.

मंग मिलमध्ये धान सुकवाची मशीन आली. मशीन बसवून राहिले होते तवाच बाया एकमेकींच्या तोंडाकडं पाहू लागल्या. मशीन सुकवन तं आपन कायले?

मॅनेजर प्रविणबाबू चांगला मानूस. त्यानं साऱ्यायले शेडमध्ये बसवलं अन् म्हनला, "मी कोनाले काढत नाई. पन खळं राहनार नाई, हे खरं हाये. मिलमध्ये दुसरे काम हाये. तुमी शिका, शिकवाचं आमच्याकडं. शिकाले लागन तितके दिवस मजुरी चालू."

"आमी म्हाताऱ्या काय शिकाव बापू?" सत्यभामाबाई म्हनली. खळ्यावरची सगळ्यात जुनी बाई ते. तोंड असं का हमालही तिच्या वाटंनं जात नाई.

"म्हाताऱ्या कुठी? कालच तं सोमाजी हमालाले अख्ख्या मिलभर पळवलं तुमी."

साऱ्या हासल्या. मंग वाटनी झाली. कोनी पोते शिवाची मशीन घेतली, कोनी धानाचा ओलावा मोजाचं यंत्र, कोनी त्या नव्या मशीनवर. शेवटी राहिलं बॉयलर, धान उकडाची वाफ बनवनारं. तिथं ते चालवनारे भैय्यालाल काका एकटेच. त्यायचे डोळे अधू होऊन राहिले होते. त्यायच्या हाताखाली राहाचं, अन् पुढं नागपूरले परीक्षा देऊन सर्टिफिकेट घ्याचं. बॉयलरचं नाव निंघालं तं साऱ्या बाया मागं सरकल्या.

रुचितानं हात वर केला.

बाजूले बसलेल्या मायनं तिचा हात धरून खाली ओढला. तिनं दुसरा वर केला.

घरी जे झालं ते काय सांगू. माय भिंतीले टेकून रडे. मी म्हनलं, "काहून वो? तुले पोते शिवाले काय झालं होतं?"

"दादा, पोते शिवाले शिकीन. उद्या त्याचीही आपोआप चालनारी मशीन येईन. मंग काय शिकू? बॉयलरपाशी मानूस लागतेच. मशीन कितीही येऊ दे."

"अन् फुटलं तं?"

तिनं मायकडं पाह्यलं. मंग हळूच म्हनली, "मले काय भेव नाई वाटत का?"

अशी ही गोष्ट. शिकली तं जनमाची पक्की नोकरी, नाई शिकली तं घरी. अन् शिकता शिकता काई झालं तं मानूसच नाई. गावात जो तो येऊन कुठल्या कुठल्या मिलच्या गोष्टी सांगे. कुठी बॉयलर फुटलं, कुठी पत्रा शेतात जाऊन पडला, कुठी मानूस सापडलाच नाई. चाय पीत पीत सांगे अन् दुसरा कप मांगे. त्याच दिवसात सानगडीचं एक स्थळ आलं. पोहे खाल्ले, पोरगी पसंत केली. मंग पोराच्या मामानं विचारलं, "बाई कोन्तं काम करते?" माय बोलाच्या अगुदर मी छाती फुगवून म्हनलं, "बॉयलर चालवते!" मामानं कप तसाच खाली ठेवला. पुन्हा निरोप नाई का फोन नाई.

मी रोज तिले मिलच्या फाटकावर सोडो अन् वरठीले जाओ. नदीच्या पुलावर पोचलो का एकदा मागं वळून मिलच्या धुराड्याकडं पाहो. धूर दिसला का बरं वाटे. कारखान्यात कोनी पत्रा जरी आपटला तरी माही मान मिलच्या बाजूले वळे.

भैय्यालाल काकाची शिकवाची तऱ्हा वेगळीच. आठ-पंधरा दिवस त्यायनं तिले कशालेच हात लावू देला नाई. बॉयलरच्या अंगावर एक उभी काचेची नळी राहते, आत किती पानी हाये ते त्या काचेत दिसते. तिच्यासमोर स्टूल टाकून देला. "देखते रहो बेटा." तहान लागली तरी डोळा काचेवर. ती घरी येऊन सांगे, "दादा, काका म्हनते, भट्टीकडं नको पाहू, वाफेच्या काट्याकडं नको पाहू, पानी पाहा. पानी हाये तं सारं हाये." मंग हळूहळू भट्टीत जाळाले धानाचा कोंडा किती टाकाचा, जाळाले हवा देनारा पंखा किती ठेवाचा, पंपानं पानी कवा घ्याचं, सारं हातात आलं. रोज दोनदा काच धुवाची, म्हंजे नळीखालची तोटीसारखी चाबी उघडून काचेतलं पानी जोरात बाहेर सोडाचं अन् बंद कराचं. पानी फटकन वर आलं तं समजाचं का रस्ता साफ हाये.

एक पावसाळा असाच गेला. तिचा हात बसला. मायनं रडनं सोडलं. मी गावात सांगत फिरो, "माही बहीन वाफ बनवते, तवा तुमचा तांदूळ बनते."

अन् मंग ती संध्याकाळ.

माही ड्युटी सुटली अन् मी तिले घ्याले मिलमध्ये गेलो. भैय्यालाल काकाले ताप होता, ते दुपारूनच भंडाऱ्याले डॉक्टरकडं गेले होते. जाता जाता सांगून गेले होते का जाळ कमी ठेव, मी येईपर्यंत सांभाळ. सोमाजी हमाल भट्टीत फावड्यानं कोंडा टाकून राहिला होता. रुचिता मले पाहून हासली. "थांब दादा, काच धुतो अन् निंघू. काका येतच असतीन."

काचेत अर्ध्यापर्यंत पानी दिसत होतं. मी माह्या डोळ्यानं पाह्यलं.

तिनं खालची चाबी उघडली. फस्स करून पानी निंघालं. चाबी बंद केली. पानी वर याले पाहिजे. नाई आलं. तिनं पुन्हा केलं. नाई आलं. काच रिकामी, कोरडी.

मले काई समजलं नाई. पन तिचं तोंड पाह्यलं. असं तोंड मी बाप गेला त्या दिवशी मायचं पाह्यलं होतं.

नळीच्या वाटंत गाळ बसला होता. काचेत जे अर्धं पानी दिसत होतं ते अडकून राह्यलेलं. आत खरं किती होतं, कवापासून कमी होऊन राह्यलं होतं, कोनालेच मालूम नाई. अन् खाली भट्टी जळून राहिली.

तिनं पहिले पंखा बंद केला. "सोमाजी भाऊ, कोंडा नको टाकू!"

"काहून?"

"पानी दिसत नाई."

सोमाजीनं फावडं फेकलं. "पानी नाई? अवो मंग पानी टाक ना!" अन् पंपाच्या बटनाकडं धावला.

"दादा, त्याले धर! पंप चालू होऊ नको देऊ!"

मी आडवा झालो. सोमाजी म्हंजे दोन पोते एका खांद्यावर नेनारा गडी. पन मीही काई कमी नाई, कबड्डीत माही पकड कारध्यात गाजलेली. त्याले मागं लोटलं अन् बटनाले पाठ लावून उभा राह्यलो. तो ओरडत बाहेर पळाला, "पानी संपलं! बॉयलरचं पानी संपलं! पोरगी पानी टाकू देत नाई!"

आता हे समजून घ्या. आमच्याकडं प्रत्येक मानसानं लहानपनापासून अंगनात हंड्यात धान उकडलेलं पाह्यलं. हंड्यातलं पानी आटलं, करपल्याचा वास आला, का घरातली जी बाई जवळ असन ते धावते अन् गडवाभर पानी टाकते. विचार नाई करत कोनी. हातच धावते. त्या दिवशी साऱ्या मिलचा हात धावला. खळ्यावरच्या बाया, हमाल, सारे बॉयलरच्या दारात. दोघींच्या हातात बादल्या. सत्यभामाबाई सगळ्यात समोर.

"डोमाच्या पोरी! एवढे दिवस काय शिकलीस वो? पानी टाकाले हात तुटले का तुहे? आमाले साऱ्यायले मारतं का?"

"बाई, मागं व्हा! आत पानी गेलं तं फुटन!"

"पानी नाई म्हनून फुटन, पानी टाकलं म्हनून फुटते का कवा? आयका इचं!"

"जीवन, सरक तिथून! तू तं शहाना हायेस!" कोनीतरी ओरडलं.

अन् मी? मी बटनाले पाठ लावून उभा. खरं सांगतो, मले वाटे का तेच बरोबर हाये. मीही तेच धान खाल्लं, मीही तोच हंडा पाह्यला. माह्या पाठीमागं एक बटन, ते दाबलं का पानी जाईन अन् सारं ठंडं होईन, अन् मी ते दाबू देत नाई! मले वाटे, जीवन, तू आता आपल्या हातानं आपल्या बहिनीले मारून राहिला. माह्या पाठीवरून घाम असा वाहे का बटन ओलं झालं.

मी हळूच विचारलं, "रुचे, पक्कं ना?"

तिनं माह्याकडं पाह्यलं. डोळ्यात पानी. "मले नाई मालूम दादा. काकानं सांगतलं, काच कोरडी तं पानी नाई. मी आपल्या डोळ्यानं कवा पाह्यलं नाई. पन पानी नको. पाया पडतो, पानी नको."

तिले मालूम नव्हतं! हे आयकलं अन् मी एकदा मागं बटनाकडं पाह्यलं. पन पाठ मी हालवली नाई. मी ओरडलो, "जो मानूस पुढं येईन त्याले भट्टीत टाकीन!" आवाज निंघाला तो माहा वाटलाच नाई, पोरासारखा चिरकला. तरी दारातून पुढं सरकलेला सोमाजी थांबला.

रुचितानं भट्टीचं दार लावलं, धुराड्याची झडप बंद केली. मंग दारात जाऊन दोन्ही हात पसरले. "खळ्याच्या पलीकडं जा सारे. मले शिव्या देजा, मारजा, उद्या देजा. आता पळा."

भेनाऱ्या मानसाले कोनी पळा म्हनलं का तो थांबत नाई. बादल्या तिथंच पडल्या. सत्यभामाबाई शिव्या देत देतच पळाली.

"तूही जा दादा."

"तू?"

"काटा खाली येईपर्यंत मले पाहा लागते."

"मंग मीही इथंच."

आमी दोघं राह्यलो. ते लोखंड आतून टक टक वाजे. एकेक टक अशी का वाटे आता, आता. वाफेचा काटा हालेचना. मंग केसभर हालला का मले तसं वाटलं, सांगता येत नाई. मी मनातल्या मनात बापाले म्हनलं, बाबा, सांभाळ. रुचितानं कवा माहा शर्ट धरला मले समजलंच नाई. मागून, मुठीत. लहानपनी धरे तसाच. पन या टायमाले ती माह्या मागं नव्हती. माह्या बाजूले उभी होती अन् काट्याकडं पाहून राहिली होती.

काटा उतरत गेला. एकदम हळू. बाहेर अंधारून आलं तवा ऑटो वाजला. भैय्यालाल काका. कानाले मफलर, हातात दवाईची थैली. बाहेरच कोनीतरी त्यायले सांगतलं असन, धावतच आले. कोरडी काच पाह्यली, बंद पंखा पाह्यला, मंग बटनापाशी मले पाह्यलं.

"पानी डाला?"

"नाई काका."

"एक बूंद भी?"

"नाई."

काका कोंड्याच्या ढिगावर बसले. थैली हातातून सुटली. मंग त्यायनं मले जवळ बोलावून, हळूच, जसं कोनी आयकू नये म्हनून, सांगतलं का रिकामं लोखंड लाल झालं असन अन् त्याच्यावर ठंडं पानी गेलं, तं त्याची एकदमच इतकी वाफ होते का लोखंड धरून ठेवू शकत नाई. खळ्याच्या पलीकडं उभ्या होत्या त्या बायाही वाचल्या नसत्या. ठंडं झाल्यावर उघडलं तं आतल्या वरच्या नळ्या कोरड्या तापून निळ्या पडल्या होत्या.

तुमाले वाटन, गावानं तिले खांद्यावर घेतलं असन. कुठी! भेलेला मानूस भेवच पाहते, दुसरं काई पाहत नाई. "डोमाच्या पोरीच्या हातून बॉयलर बिघडलं" हेच गावभर. नवे काम शिकून राहिलेल्या बायायनंही सांगतलं, आमी त्या बाजूले पायही ठेवत नाई. अन् रुचिता? ती घरी बसली. चुलीसमोरही बसे ना. झोपंत उठून बसे अन् म्हने, "काच, दादा, काच पाहा."

प्रविणबाबू घरी आले. म्हनले, "रुचिता, तू परत ये. नाई येत असशीन तं सांग, मले बाहेरून मानूस आना लागन. खळ्यावर तुले परत ठेवतो म्हनून सांगू शकत नाई, खळंच राह्यलं नाई." खोटं नाई बोलला मानूस. माय म्हनली, "नाई येत ते. जीव राह्यला हे खूप झालं." मीही, मीही मनातून म्हनलं, नको जाऊ रुचे. तोंडातून निंघालं नाई एवढंच.

दुसऱ्या दिवशी भैय्यालाल काका आले. खाटेवर बसले, चाय घेतला.

"डर लगता है?"

"हव काका."

"अच्छा है. मले तं रोज लागते. भट्टी पेटवाच्या अगुदर तीनदा संडासले जातो. घरवालीले विचार." काका हासले नाई, खरंच सांगून राहिले होते. "पहिले एक पोरगा होता माह्यापाशी शिकाले. त्याले डर नव्हता. मैंने भगा दिया."

रुचितानं त्यायच्या हातातला रिकामा कप घेतला. मंग म्हनली, "काका, मले बॉयलरचा इतका भेव नाई वाटला."

"फिर?"

"बादल्यायचा वाटला. सोमाजी भाऊचा वाटला. दादा त्या टायमाले आला नसता तं? मी एकटी होतो. त्यायनं मले ढकलून बटन दाबलं असतं. अन् ते वाईट मानसं नाई काका. त्यायले कोनी सांगतलंच नाई."

काकानं मान हालवली.

"मी येतो," ती म्हनली. "पन एकटीनं शिकून होत नाई. साऱ्यायले शिकवा. खळ्यावरच्या बायायले, हमालायले, फाटकावरच्या चौकीदारालेही. चालवाचं नाई शिकवा, पन काय करू नये ते शिकवा. तेवढं प्रविणबाबू करत असन तं येतो."

मले तवा वाटलं का ही आता माहा शर्ट कवाच धरनार नाई. बरं वाटलं अन् नाईही.

प्रविणबाबूनं हव म्हनलं. पन बोलावनं अन् येनं यात फरक राहते. शिकवाचं ठरलं त्या सकाळी मी तिले फाटकावर सोडलं अन् वरठीले गेलोच नाई, मोटरसायकल लावून आत गेलो. बॉयलरच्या दारासमोर रुचिता अन् काका उभे. भट्टी ठंडी होती, मुद्दाम. बाया शेडखाली, हमाल ट्रकपाशी, मधात रिकामं मैदान. कोनीच पाऊल उचले ना. रुचिताच्या हाताकडं पाह्यलं तं ओढनीचं टोक गुंडाळून राहिली होती, सोडून राहिली होती.

मी पुढं होनार होतो. माह्यासारखा मानूस पुढं झाला असता तं बाकीचे आलेच असते. पन सत्यभामाबाई उठली. लुगडं खोचलं, मैदान पार केलं, बॉयलरच्या दारापाशी येऊन थांबली. आत पाऊल ठेवे ना. तिनं दाराच्या चौकटीले बोट लावून पाह्यलं, गरम तं नाई.

"फुटत तं नाई ना आता?"

"नाई बाई. ठंडं हाये."

"शप्पथ?"

"शप्पथ."

बाई आत आली. त्या बटनाकडं अशी पाहे जशी सापाकडं पाहाव. मंग रुचितावर खेकसली, "आता कायची वाट पाहून राहिली वो? कोन्त्या बटनाले हात लावाचा नाई ते दाखव लवकर. मले पोते शिवाले जाचं हाये."

रुचितानं तिचा हात धरून ते बटन दाखवलं. मंग मागून सोमाजी आला, मान खाली घालून. मंग दोघी आल्या. मंग सारे.

मी वरठीले उशिरा पोचलो. सुपरवायझर म्हनला, "काहून बे जीवन, कुठी होता?" मी सांगतलं, माह्या बहिनीनं आज अख्ख्या मिलले शिकवलं, ते पाहून राहिलो होतो. त्याले खरं वाटलं नाई. नको वाटू.

नागपूरची परीक्षा तिची अजून बाकी हाये. पास होईन, माही बहीन हाये. पन पुलावर आलो का मी अजूनही मागं वळून धुराड्याकडं पाहतो, अन् धूर दिसेपर्यंत गाडी पुढं जात नाई.